झाकणावरचं नाव आणि आतला कारभार

‘या लॅपटॉपवर लिनक्स चालेल का?’ असं कुणाला विचारलं, तर उत्तर बहुधा ‘हो, चालेल की’ असंच येतं. ते खोटंही नसतं. पेनड्राइव्ह लावला की मशीन सुरू होतं, पडदा उजळतो, ब्राउझर उघडतो. मग एके दिवशी झाकण मिटून लॅपटॉप पिशवीत टाकला जातो आणि दोन तासांनी तापलेला, बॅटरी संपत आलेला बाहेर निघतो. किंवा ऐन मीटिंगमध्ये ‘कॅमेरा सापडला नाही’ अशी पाटी झळकते. प्रश्न एक नव्हता, दहा-बारा होते, हे तेव्हा कळतं: वाय-फाय, ग्राफिक्स, आवाज, टचपॅड, कॅमेरा, बोटाचा ठसा, झोपणं आणि झोपेतून उठणं. प्रत्येकाचं उत्तर निराळं आणि प्रत्येकाची पूर्वपीठिकाही निराळी.

लिनस टॉरवल्ड्सनं १९९१मध्ये लिनक्स जाहीर केलं, तेव्हापासून हा झगडा चालू आहे. सगळा पट एकत्र मांडला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. ज्या सुट्या भागाला सर्वांनी मानलेलं मानक मिळालं, त्याचं भांडण मिटलं. तोच भाग पुढे बॅटरी किंवा चार पैसे वाचवायला मानकाबाहेर नेला गेला, की भांडण नव्यानं उभं राहिलं. लिनक्सच्या तयार आवृत्त्यांपैकी (डिस्ट्रोंपैकी) उबंटू चांगलं की फेडोरा, या वादाला त्यापुढे फारसा अर्थ उरत नाही; कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दोन्हीकडे एकच.

आधी लॅपटॉपच्या पोटात डोकावू. डेल, एचपी, लेनोवो ही झाकणावरची नावं. आत प्रोसेसर इंटेलचा किंवा एएमडीचा, आवाजाची चिप रिअलटेकची, टचपॅड सिनॅप्टिक्सचं नाहीतर एलानचं, ठशाचा सेन्सर गुडिक्सचा. लिनक्समध्ये ‘एलएसपीसीआय’ ही कमांड दिली की यातली काही मंडळी ओळीनं हजेरी लावतात. प्रत्येकापुढे दोन क्रमांक दाखवता येतात, पहिला कंपनीचा आणि दुसरा त्या वस्तूचा. इंटेलचा क्रमांक ८०८६. आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचंच नाव कंपनीनं ओळखपत्रावर घालून घेतलंय. ब्रॉडकॉम १४ई४, एनव्हिडिया १०डीई, रिअलटेक १०ईसी. प्रत्येक ड्रायव्हरमध्ये, म्हणजे चिप चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, अशा क्रमांकांची यादी असते. आपल्या चिपचा क्रमांक तीत असला तर ड्रायव्हर पुढे येऊन ताबा घेतो, नसला तर चिप तिथेच मुकाट पडून राहते. एकाच मॉडेलच्या नावाखाली कंपन्या वेगवेगळ्या तुकड्यांत वेगवेगळी वाय-फाय कार्डं बसवतात. मित्राच्या लॅपटॉपवर ‘सगळं मस्त चालतं’ आणि तस्साच आपण घेतला तर घोडं अडतं, त्याचं कारण बहुतेकदा इथे सापडतं.

विंडोजवर ड्रायव्हर देणं ही चिप बनवणाऱ्याची जबाबदारी. लिनक्समध्ये ड्रायव्हर कर्नलच्या मूळ सोर्स कोडमध्येच राहतो. कर्नलचे आतले सांधे मुद्दामच कायमचे पक्के केलेले नाहीत; ते बदलत राहणार. ग्रेग क्रोआ-हार्टमन या कर्नलच्या जुन्या कारभाऱ्यानं या धोरणाची बाजू सविस्तर लिहून ठेवली आहे. परिणाम दुधारी आहे. ड्रायव्हर एकदा आत आला की सांधा बदलणारा माणूसच तोही दुरुस्त करतो. मग मूळ कंपनीनं त्या चिपकडे ढुंकून पाहिलं नाही तरी चालतं. बाहेर राहिलेला ड्रायव्हर मात्र नवं कर्नल आलं की मोडतो आणि कुणीतरी डागडुजी करेपर्यंत मोडलेलाच राहतो. दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप लिनक्सवर नव्यापेक्षा सुखात चालतो, याचं गूढ एवढंच.

वाय-फायचं उदाहरण घ्या. २००५च्या आसपास ब्रॉडकॉमची कार्डं घरोघरी होती, पण कंपनी लिनक्ससाठी ना ड्रायव्हर देत होती ना कागदपत्रं. लोकांनी ‘एनडीआयएसरॅपर’ नावाची युक्ती काढली: विंडोजचाच ड्रायव्हर उचलायचा आणि आपण विंडोजमध्येच आहोत असं भासवून लिनक्सच्या पोटात चालवायचा. चालायचा, आणि मध्येच अख्खं मशीन घेऊन बसायचा. दुसऱ्या बाजूला काही जणांनी तो ड्रायव्हर उलगडायला घेतला. कॉपीराइटचा आळ येऊ नये म्हणून कामाची वाटणी कडक होती. एका गटानं मूळ ड्रायव्हर वाचून चिप कशी वागते याचं टिपण काढायचं, आणि दुसऱ्या गटानं मूळ ड्रायव्हरला हातही न लावता फक्त टिपणावरून नवा लिहायचा. २००६मध्ये तो कर्नलमध्ये आला. पण चिपच्या आत भरायचं फर्मवेअर कंपनीच्या मालकीचं, वाटायला परवानगी नाही. म्हणून वापरणाऱ्यानं विंडोजचा ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवायचा, एका अवजारानं त्यातून फर्मवेअर कापून काढायचं, मग वाय-फाय सुरू. आता इंटरनेट सुरू करायला इंटरनेट आणायचं कुठून, हे त्या काळच्या नवशिक्यांच्या पाचवीला पुजलेलं कोडं होतं; लांबलचक केबल घेऊन राउटरशेजारी बसणं हे त्याचं उत्तर.

मग बर्फ वितळला. २००८मध्ये अथेरॉसनं आपला ड्रायव्हर खुला केला, २०१०मध्ये ब्रॉडकॉमनंही नव्या चिपांसाठी तेच केलं. इंटेल त्याआधीपासून या वाटेवर होती. आज रिअलटेक आणि मीडियाटेकचे इंजिनिअर स्वतः कर्नलमध्ये कोड धाडतात. नवी चिप काही महिने उशिरा चालते, एवढीच तक्रार उरली आहे.

त्या कापून काढलेल्या फर्मवेअरचा प्रश्न मात्र सुटला नाही, फक्त जागा बदलून बसला. आजच्या लॅपटॉपमधली जवळजवळ प्रत्येक चिप हा स्वतःच एक छोटा संगणक असतो. त्याचा प्रोग्रॅम कंपनी बंद पेटीत देते आणि लिनक्सचा खुला ड्रायव्हर ती पेटी चिपच्या हवाली करतो. ड्रायव्हर उघडा, आतला कारभार झाकलेला. डेबियन या तत्त्वनिष्ठ डिस्ट्रोनं वर्षानुवर्षं असं फर्मवेअर आपल्या अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवलं. २०२२मध्ये सदस्यांनी मतदान करून ते आत घ्यायचं ठरवलं, आणि २०२३च्या डेबियन १२पासून नव्या लॅपटॉपवर वाय-फाय पहिल्याच फटक्यात चालू लागलं. सगळंच सॉफ्टवेअर मुक्त हवं असा आग्रह धरणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला ही तडजोड मान्य नाही. त्यांच्या कसोटीला उतरलेल्या लॅपटॉपांत थिंकपॅड एक्स२००सारखी २००८ची मशीनं दिसतात, मशीन सुरू करणारं बायोससुद्धा बदलून खुलं केलेली. तो आग्रह समजतो, पण ज्या अटीवर नवं यंत्र घेताच येत नाही ती अट फार थोड्यांना परवडते. डेबियननं केलं ते योग्यच केलं, असं माझं मत.

ग्राफिक्सबद्दल थोडक्यात. इंटेलचे ड्रायव्हर बऱ्याच वर्षांपासून खुले आहेत. एएमडीनं २००७मध्ये कागदपत्रं खुली करायला घेतली आणि २०१५मध्ये आजचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आणला. एनव्हिडिया वेगळ्या चुलीवर. २०१२मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात एका श्रोत्यानं या कंपनीबद्दल विचारलं, तेव्हा टॉरवल्ड्सनं कॅमेऱ्याकडे मधलं बोट दाखवलं. ती क्लिप आजही फिरते. लॅपटॉपवाल्यांचा राग खास होता, कारण २०१०पासून इंटेलची एक आणि एनव्हिडियाची एक अशा दोन ग्राफिक्स चिपा एकत्र बसवण्याची टूम निघाली आणि दोघींमध्ये काम फिरवण्याची सोय लिनक्ससाठी कंपनीनं केलीच नव्हती. स्वयंसेवकांनी उलगडून लिहिलेला ‘नुव्हो’ ड्रायव्हर होता. पण पुढच्या कार्डांना कंपनीच्या सहीचं फर्मवेअर लागू लागलं, आणि त्याशिवाय चिपचा वेगच वाढवता येईना. अखेर मे २०२२मध्ये एनव्हिडियानं कर्नलमध्ये बसणारा भाग खुला केला. मात्र त्याआधी कारभाराचा मोठा हिस्सा चिपमधल्याच एका प्रोसेसरवर, म्हणजे बंद फर्मवेअरमध्ये हलवलेला होता. पुन्हा तीच गोष्ट.

आता झोप. माझ्या मते साऱ्या विषयाची मेख इथे आहे.

१९९६च्या अखेरीस इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय नावाचं मानक आणलं. मशीन कसं झोपवायचं, कसं उठवायचं, पंखा कधी फिरवायचा, बॅटरी किती उरली, याच्या सूचना लॅपटॉप बनवणारा एका छोट्या भाषेत लिहून बायोसमध्ये ठेवतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम त्या वाचून चालवते. कागदावर सुरेख. व्यवहारात लॅपटॉप कंपन्या या सूचना विंडोजवर तपासायच्या, तिथे चालल्या की माल बाजारात. विंडोज पोटात घालून घेत असलेल्या चुका लिनक्सच्या घशात अडकायच्या. १९९९च्या जानेवारीत बिल गेट्सनं, एसीपीआयच्या विस्तारित सोयी फक्त विंडोजपुरत्या करता येतील का, अशी विचारणा सहकाऱ्यांकडे केली होती. आयोवातल्या एका खटल्यात ती ईमेल बाहेर आली. मला त्यात कट दिसत नाही. कटाची गरजच नव्हती. ‘विंडोजवर चाललं ना, मग झालं’ एवढ्या आळसानं तेच साधलं.

या सूचनांत एक मजेदार प्रश्न असतो. बायोस विचारतं, ‘समोर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम आहे?’ लिनक्स सुरुवातीला प्रामाणिकपणे ‘लिनक्स’ म्हणायचं. पण त्या उत्तरापुढची वाट कुणी तपासलेलीच नसायची. उलट जुन्या त्रुटींवर बसवलेली ठिगळं त्रुटी दुरुस्त झाल्यावरही तशीच राहायची. मग २००७च्या सुमारास कर्नलवाल्यांनी ठरवलं की ‘लिनक्स’ म्हणायचंच नाही. बायोसनं ‘विंडोज आहेस का?’ विचारलं की मात्र लिनक्स बिनदिक्कत ‘हो’ म्हणतं, आणि त्यामुळेच सुरळीत चालतं.

एवढं करून २०१०नंतर झोप बऱ्यापैकी लागू लागली होती. झाकण मिटलं की प्रोसेसर बंद, फक्त मेमरीला जेमतेम वीज. लॅपटॉप चार दिवस पडून राहिला तरी हरकत नसे. याला एस३ म्हणतात. मग फोनसारखं झोपेतही ईमेल यावं अशी हौस निघाली. विंडोज ८पासून मायक्रोसॉफ्टनं नवी पद्धत आणली, तिचं आजचं नाव ‘मॉडर्न स्टँडबाय’. यात मशीन खरं झोपतच नाही, डुलकी घेतं. प्रोसेसरनं सर्वांत खोल विश्रांतीत जायचं तर एसएसडी, वाय-फाय, यूएसबी, आवाज, सगळ्यांनी आधी आपापली वीज कमी करायला हवी. लग्नघरातल्यासारखं आहे: एका खोलीत पत्त्यांचा डाव रंगला की अख्ख्या घराची झोप उडते. कोण जागं आहे हे शोधायला कर्नलमध्ये मोजमापं आहेत, पण ती वाचणं सामान्य माणसाचं काम नाही. ही पद्धत विंडोजवरही पिशवीत लॅपटॉप तापवते, हे सांगायला हवं. तक्रारी दोन्हीकडच्या आहेत.

२०१८मध्ये लेनोवोनं थिंकपॅड एक्स१ कार्बनच्या सहाव्या पिढीत एस३ काढून टाकलं आणि लिनक्सवाल्यांनी गिल्ला केला. काही महिन्यांनी बायोसचं अपडेट आलं. त्यात झोपेच्या प्रकारासाठी दोनच पर्याय होते: एकाचं नाव ‘विंडोज १०’, दुसऱ्याचं ‘लिनक्स’. दुसरा निवडला की जुनी गाढ झोप परत. पुढच्या काळात, विशेषतः इंटेलच्या अकराव्या पिढीपासून, बहुतेक लॅपटॉपांतून एस३ गायबच झालं आणि असा पर्याय मिळणं दुर्मीळ झालं. आता लिनक्सला डुलकीच सुधारत न्यावी लागते, मॉडेलमागून मॉडेल.

कॅमेऱ्याचं वळण याहून ठसठशीत. यूएसबी कॅमेऱ्यांचं एक मानक होतं, यूव्हीसी. लोराँ पँशार यांनी त्यासाठी लिहिलेला ड्रायव्हर २००८मध्ये कर्नलमध्ये आला आणि लॅपटॉपचा कॅमेरा हा विषयच संपला. पुढची बारा-तेरा वर्षं कॅमेरा चालतो का असं विचारायचं कारणच पडलं नाही. मग इंटेलनं पातळ, भारी लॅपटॉपांसाठी फोनच्या धर्तीचा कॅमेरा आणला: सेन्सर थेट प्रोसेसरला जोडलेला, त्यातून येतं ते चित्र नव्हे तर कच्चा माल, आणि तो शिजवणारा आयपीयू६ नावाचा भाग बंद. २०२२च्या सुमारास दीड-दोन लाखांच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकणाऱ्यांना आढळलं की कॅमेरा नाहीच, आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या खटारा मशीनचा मात्र चालतो. २०२४च्या जुलैत, कर्नल ६.१०मध्ये, कच्चा माल उचलण्यापुरता ड्रायव्हर आला. तो शिजवण्याचं काम आता ‘लिबकॅमेरा’ हा प्रकल्प प्रोसेसरवर करून घेतो. चित्र जेमतेम बरं आणि बॅटरीवर बोजा. या प्रकल्पाचे प्रमुखही पँशारच. एका माणसानं तोच प्रश्न दुसऱ्यांदा सोडवायला घेतला आहे.

आवाजाची तऱ्हा तीच. २००४च्या इंटेल मानकामुळे चिप ओळखू येते, पण स्पीकरच्या तारा कोणत्या पायाला जोडायच्या हे प्रत्येक लॅपटॉपवाला आपल्या मर्जीनं ठरवतो. म्हणून रिअलटेकच्या ड्रायव्हरमध्ये मॉडेलागणिक अपवादांची हजारो ओळींची जंत्री साठली आहे. अलीकडे स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर चिपा आल्या आणि जंत्री आणखी लांबली. ठशाच्या सेन्सरचं काम नशिबावर. टचपॅडनं मात्र सुखद धक्का दिला. २०१३च्या विंडोज ८.१सोबत मायक्रोसॉफ्टनं टचपॅडसाठी मानक घालून दिलं, कंपन्यांनी ते पाळलं आणि दोन-तीन बोटांच्या खुणा लिनक्सवर आपसूक चालू लागल्या. मानक कुणाचं याला महत्त्व नाही, ते छापलेलं आणि पाळलेलं असावं लागतं.

काहीच छापलेलं नसेल तर काय करायचं, याचं उत्तर ‘असाही लिनक्स’ या प्रकल्पानं दिलं. अ‍ॅपलनं नोव्हेंबर २०२०मध्ये एम१ चिपचे मॅकबुक आणले. दुसरं कर्नल सुरू करायला आडकाठी नव्हती, पण माहितीचा कागद एकही नाही. हेक्टर मार्टिन आणि मंडळींनी एक पातळ थर लिहिला. त्याच्यावर अ‍ॅपलची मॅकओएस चालवायची आणि ती कोणत्या भागाला काय सांगते, काय परत वाचते, याची नोंद करत बसायचं. त्यावरून ड्रायव्हर. मार्च २०२२मध्ये पहिली चाचणी आवृत्ती आली आणि त्याच जुलैत टॉरवल्ड्सनं कर्नल ५.१९ जाहीर केलं ते या जोरावर चाललेल्या एम२ मॅकबुक एअरवरून.

या प्रकल्पातली स्पीकरची गोष्ट मला सर्वांत आवडते. मॅकबुकचे चिमुकले स्पीकर त्यांच्या कुवतीपेक्षा जोरात वाजवले जातात. आतली तारेची गुंडाळी जळू नये म्हणून मॅकओएस तिचं तापमान सतत आजमावत आवाज आवरते. लिनक्सनं हे न करता गाणं लावलं तर स्पीकर कायमचा जाणार. म्हणून असाहीनं प्रत्यक्ष ड्रायव्हर तयार असूनही स्पीकर कुलूपबंद ठेवले. गुंडाळीतून वाहणारी वीज मोजून तिच्या उष्णतेचा हिशेब ठेवणारा वेगळा प्रोग्रॅम लिहिला, आणि मगच कुलूप काढलं. तोवर लोक हेडफोन लावून वाट पाहत होते. हे काम किती थोड्या खांद्यांवर असतं, तेही इथेच दिसलं. फेब्रुवारी २०२५मध्ये मार्टिन थकून बाजूला झाले, आणि एम३पासूनच्या मशीनांवर अजून बरंच काम बाकी आहे. स्नॅपड्रॅगन चिपांच्या लॅपटॉपांचंही तसंच: तिथे लिनक्सला प्रत्येक मॉडेलच्या रचनेचा वेगळा नकाशा लिहून द्यावा लागतो.

हा सगळा व्याप टाळायचा तर लिनक्ससाठीच बनवलेला लॅपटॉप घ्यावा. डेन्व्हरची सिस्टम७६ २००५पासून हेच विकते, डेलनं २०१२मध्ये एक्सपीएस १३ उबंटूसह आणला, लेनोवोनं २०२०मध्ये थिंकपॅडच्या काही मालिका लिनक्ससाठी प्रमाणित करायचं जाहीर केलं. मोठ्या नावांचा खरा उपयोग असा की डेल-लेनोवोनं दम भरला की चिप बनवणारे हलतात. ठशाच्या काही सेन्सरांचे ड्रायव्हर असेच आले. रेड हॅटच्या रिचर्ड ह्यूज यांनी उभारलेल्या सेवेमुळे अनेक मॉडेलांचं बायोसही आता लिनक्समधूनच अपडेट होतं. केरळच्या सरकारी शाळांत सगळा कारभार लिनक्सवर असल्यानं तिथल्या खरेदीत मशीन लिनक्सवर चाललंच पाहिजे, हे ओघानंच येतं. महाराष्ट्रात असं मोठं गिऱ्हाईक नाही. दुकानात ‘डॉस’ असं लिहिलेला स्वस्त लॅपटॉप दिसतो, पण त्याचा अर्थ विंडोजचे पैसे घेतलेले नाहीत, इतकाच. लिनक्सवर तो तपासलाय असा नव्हे.

आपल्याकडचा खरा रस्ता जुन्या बाजारातून जातो. विंडोज १०ची साथ १४ ऑक्टोबर २०२५ला संपली, आणि इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतची बहुतेक मशीनं विंडोज ११च्या अटीत बसत नाहीत. कंपन्यांनी काढून टाकलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. त्यांच्यात एस३ आहे, यूएसबी कॅमेरा आहे, इंटेलचं वाय-फाय आहे आणि त्यांचे ड्रायव्हर केव्हाच कर्नलमध्ये मुरलेले आहेत. नवाच घ्यायचा असेल तर बाजारात येऊन वर्ष झालेलं मॉडेल बघावं, आणि कॅमेरा यूएसबीचा आहे का हे विचारावं. इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर घाबरून जाऊ नये. बायोसमध्ये इंटेलची आरएसटी नावाची सोय चालू असते, ती बंद केली की बहुधा दिसते. मात्र आत विंडोज ठेवायचं असेल तर त्याची तयारी आधी करावी लागते. दुकानात पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून वाय-फाय, आवाज, कॅमेरा, ब्राइटनेस पाच मिनिटांत तपासता येतात. झोप तेवढी तपासता येत नाही. त्यासाठी घरी झाकण मिटून रात्रभर ठेवावं लागतं आणि सकाळी बॅटरी किती उतरली ते बघावं लागतं. म्हणून पैसे देण्याआधी परत घेण्याची मुदत विचारून ती बिलावर लिहून घ्यावी.